कैसराचे नाणे आणि मगनवाडीचा हिशेबनीस

मराठी बायबलमध्ये ‘कैसर’ असा एक शब्द येतो. रोमन सम्राटासाठी मूळ ग्रीकमध्ये जो शब्द होता तोच भाषांतरकारांनी जवळजवळ तसाच ठेवला. एकोणिसाव्या शतकातील मराठी वाचकाला तो शब्द परका वाटला असेल, पण फार काळ वाटला नसावा. कारण १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आले आणि तिच्या पदवीचे देशी रूप ठरले ‘कैसर-ए-हिंद’. म्हणजे रविवारी देवळात शुभवर्तमान ऐकणाऱ्या मराठी ख्रिस्ती माणसाच्या कानावर ज्या कैसराचे नाव पडे, तेच नाव सोमवारी सरकारी जाहीरनाम्यावर असे. पुढे १९०० मध्ये त्याच नावाचे पदक सुरू झाले. समाजसेवेबद्दल ते अनेक मिशनऱ्यांना मिळाले, १९१९ मध्ये पंडिता रमाबाईंना मिळाले, आणि १९१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून परतलेल्या मोहनदास गांधींनाही मिळाले होते. गांधींनी ते ऑगस्ट १९२० मध्ये परत केले. कैसराचे ते कैसराला देण्याची याहून शब्दशः कृती दुसरी सापडणार नाही, आणि ती करणारा मनुष्य ख्रिस्ती नव्हता.

हा योगायोग मला बरीच वर्षे केवळ भाषिक गंमत वाटत होता. भाषांतराचा इतिहास शिकवताना तो सांगितला की वर्गात थोडी जाग येते, एवढाच त्याचा उपयोग. पण वर्ध्याला मगनवाडीत विद्यार्थ्यांना घेऊन जाण्याचा प्रसंग आला, तेल्याचे घाणे, चरखे, हातकागद यांच्या मधून फिरताना जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा या नावाशी आमच्यातील एक विद्यार्थिनी थांबली, आणि तिने विचारले, “सर, हे ख्रिश्चन होते? मग ते इंग्रजांच्या विरुद्ध कसे?” प्रश्न भाबडा होता, पण चुकीचा नव्हता. १९३० साली हाच प्रश्न कलकत्त्याच्या बिशपांना पडला होता. फक्त त्यांनी तो इतक्या सरळपणे विचारला नव्हता.

ख्रिस्ती धर्मग्रंथात राज्यसत्तेविषयी जी वचने आहेत, त्यांतील तीन सतत पुढे येतात. पहिले म्हणजे नाण्याचा प्रसंग. कैसराला कर द्यावा की नाही, असा पेच येशूपुढे टाकला जातो. तो नाणे मागवून घेतो, त्यावर मुद्रा कुणाची ते विचारतो, आणि ज्याचे त्याला देण्यास सांगतो. दुसरे पौलाच्या रोमकरांस पत्रातील तेराव्या अध्यायातले. तेथे सत्ता देवाने नेमलेली असते, तिच्या अधीन राहावे, असा स्पष्ट उपदेश आहे. तिसरे प्रेषितांच्या कृत्यांतले. यरुशलेमेच्या न्यायसभेने उपदेशबंदी केल्यावर पेत्र आणि त्याचे सोबती सांगतात की माणसांच्या आज्ञेपेक्षा देवाची आज्ञा आम्हांला मोठी. ही तिन्ही वचने एकाच ग्रंथात काही पानांच्या अंतरावर नांदतात. चर्चचा दोन हजार वर्षांचा राजकीय इतिहास म्हणजे यांतले कोणते वचन कोणत्या काळी मोठ्याने वाचले गेले, याचा इतिहास आहे असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

आपल्याकडे पौलाचे वचन मोठ्याने वाचले गेले. यात एक गंमत दडलेली आहे. नागपूर प्रांतात १८४५ मध्ये स्टीफन हिस्लॉप ज्या मिशनतर्फे आले ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे. हे चर्च जन्मालाच आले होते सरकारशी झालेल्या भांडणातून. धर्मगुरूच्या नेमणुकीत जमीनदार आणि न्यायालये यांनी ढवळाढवळ करू नये, यासाठी १८४३ मध्ये शेकडो धर्मगुरूंनी आपले वेतन, घर आणि देऊळ सोडून राजमान्य चर्चमधून बाहेर पाऊल टाकले होते. देवाच्या राज्यात कैसराचा हुकूम चालत नाही, हे ज्यांनी स्वतःच्या देशात पोटाला चिमटा घेऊन सिद्ध केले, त्यांच्या वारसांनी इकडे मात्र अधीनतेचा पाठ दिला. त्यांना ढोंगी म्हणणे सोपे आहे, पण मला ते पटत नाही. त्यांच्या दृष्टीने प्रश्न चर्चच्या स्वातंत्र्याचा होता, लोकांच्या स्वातंत्र्याचा नव्हता. देवाच्या वाट्याला आलेला प्रदेश त्यांनी देवळाच्या कुंपणापुरता आखून घेतला होता, आणि त्या कुंपणाच्या आत इंग्रज सरकार शिरत नव्हते.

आणखीही एक बाजू आहे आणि ती आपल्या राष्ट्रीय इतिहासलेखनात सहसा येत नाही. मराठी मुलखातील ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग पूर्वास्पृश्य जातींतून आलेला होता. त्यांच्या अनुभवात जुलमी सत्ता म्हणजे कलेक्टर नव्हे. पाणवठा अडवणारे गाव हीच त्यांच्या लेखी जुलमी सत्ता होती. कलेक्टर निदान अर्ज तरी घेत असे. अशा माणसाला पौलाचे वचन गुलामीचे वाटले नसेल, आधाराचे वाटले असेल. सरकारच्या आज्ञेत राहणारा प्रत्येक ख्रिस्ती मनुष्य भित्रा किंवा विकला गेलेला होता, असा निवाडा मगनवाडीच्या अंगणात उभे राहून करणे सोपे आहे; अहमदनगरच्या महारवाड्यात उभे राहून तो तितका सोपा नव्हता.

वर्ध्याकडे येऊ. १९३४ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईला काँग्रेसचे अधिवेशन झाले, त्यात ग्रामोद्योग संघ काढण्याचा ठराव झाला, आणि गांधी जमनालाल बजाजांच्या वर्ध्याला आले. तेथून १ नोव्हेंबर १९३४ रोजी त्यांनी एका तरुण जर्मन पाद्र्याला पत्र लिहिले. तो लंडनमध्ये जर्मन मंडळीचा पाद्री होता आणि त्याचे नाव डीट्रिख बोनहोफर. त्याला आश्रमात येऊन राहायचे होते. हिटलरच्या राज्यात चर्चने काय करायचे, हा प्रश्न त्याला छळत होता, आणि त्याचे उत्तर युरोपात मिळत नाही असे त्याला वाटू लागले होते. गांधींचे उत्तर त्यांच्या नेहमीच्या धाटणीचे आहे. परतीच्या प्रवासाचे पैसे असतील आणि माणशी महिना सुमारे शंभर रुपये खर्च सोसत असेल, तर वाटेल तेव्हा या. जर्मनीत त्याच वर्षीच्या मे महिन्यात बार्मेन येथे काही प्रोटेस्टंट धर्मगुरूंनी चर्चवर सरकारची सर्वंकष सत्ता नाकारणारे निवेदन काढले होते. बहुसंख्य चर्च मात्र रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय उघडून बसले होते. बोनहोफर अखेर आला नाही. जर्मनीत विरोधी चर्चचे पाठशाळेचे काम अंगावर आले आणि तो तिकडे गेला. ९ एप्रिल १९४५ रोजी त्याला फाशी झाली. तो वर्ध्याला आला असता तर काय झाले असते, हा कादंबरीकाराचा प्रश्न आहे. पण त्याची गाठ कुणाशी पडली असती ते सांगता येते. १४ डिसेंबर १९३४ रोजी वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचे चिटणीस म्हणून एक बेचाळीस वर्षांचा तमिळ ख्रिस्ती हिशेबतपासनीस मगनवाडीत राहू लागला.

कुमारप्पांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावरला झाला. आपण मराठी माणसांनी ज्या तंजावरवर हक्क सांगतो त्याच तंजावरला, पण घर तमिळ आणि निष्ठावंत ख्रिस्ती. लंडनला ते हिशेबतपासणीचे शास्त्र शिकले, मुंबईत त्यांनी व्यवसाय थाटला, मग अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे सार्वजनिक अर्थव्यवहाराचा अभ्यास करताना त्यांनी ब्रिटिश सरकारच्या जमाखर्चातून हिंदुस्थानचे दारिद्र्य कसे निर्माण होते यावर प्रबंध लिहिला. तो घेऊन मे १९२९ मध्ये ते साबरमतीला गांधींना भेटले. गांधींनी तो ‘यंग इंडिया’त क्रमशः छापला आणि लेखकाला गुजरातेतल्या मातर तालुक्याच्या पाहणीला धाडले. याच सुमारास त्यांनी कॉर्नेलियस हे आडनाव मागे टाकून कुमारप्पा हे जुने घराण्याचे नाव घेतले. धर्म टाकला नाही. नाव बदलून धर्म तसाच ठेवणे, हे त्या काळात दोन्ही बाजूंना बुचकळ्यात टाकणारे होते.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. कुमारप्पांचा सरकारविरोध भाषणातून किंवा मिरवणुकीतून सुरू झाला नाही, तो खतावणीतून सुरू झाला. १९३१ मध्ये काँग्रेसने इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यातील आर्थिक देण्याघेण्याची छाननी करण्यासाठी समिती नेमली. तिचे निमंत्रक कुमारप्पा होते. तिच्यात डी. एन. बहादूरजी, भुलाभाई देसाई आणि के. टी. शाह होते. हिंदुस्थानच्या नावावर जे कर्ज दाखवले जाते त्यातले खरोखर हिंदुस्थानचे किती? कंपनीच्या लढायांचा खर्च, बंड मोडल्याचा खर्च, दूरदेशीच्या मोहिमांचा खर्च हिंदी रयतेच्या नावे का? म्हणजे कैसराचे काय आणि देवाचे काय या प्रश्नाआधी या माणसाने एक साधा व्यावसायिक प्रश्न विचारला: कैसराचे येणे निघते तरी किती? नाण्यावर मुद्रा त्याची आहे एवढ्यावरून नाणे त्याचे होत नाही. ते कुणाच्या घामातून आले, हे वहीत पाहावे लागते. ही धर्मशास्त्राची रीत नव्हे, हे खरे. पण नाण्याच्या प्रसंगावर शतकानुशतके जी प्रवचने झाली, त्यांत हिशेब मागणारा आवाज फार थोडा ऐकू येतो.

१९३० च्या सत्याग्रहात कुमारप्पांनी हिंदुस्थानातील ख्रिस्ती धर्मसेवकांना आणि मिशनऱ्यांना जाहीर आवाहन केले. ख्रिस्ताचा अनुयायी म्हणवणाऱ्याने अहिंसक लढ्यात कोणत्या बाजूला उभे राहायचे, हा त्याचा विषय. त्यावरून त्यांचा वाद झाला तो कलकत्त्याचे बिशप आणि अँग्लिकन चर्चचे हिंदुस्थानातील प्रमुख फॉस वेस्टकॉट यांच्याशी. कायदेभंग ख्रिस्ताच्या शिकवणीत बसत नाही, असे वेस्टकॉट यांचे म्हणणे. हे फॉस वेस्टकॉट साधे गृहस्थ नव्हते. ग्रीक नव्या कराराची चिकित्सक संहिता १८८१ मध्ये ज्या दोघा विद्वानांनी सिद्ध केली, त्यांतील ब्रुक फॉस वेस्टकॉट यांचे ते पुत्र. पाठचिकित्सेच्या घराण्यात वाढलेला धर्माधिकारी एका बाजूला, आणि आकडेमोडीत हयात घालवलेला अव्यावसायिक भाविक दुसऱ्या बाजूला. साहित्याच्या अभ्यासकाला यात रस वाटावा असे बरेच आहे, कारण वाद अखेर वाचनाचा होता. वचन कुणी, कुणाला, कोणत्या परिस्थितीत सांगितले, याचा विचार न करता ते सर्वकाळ लागू करायचे का? पौलाने अधीनतेचा उपदेश केला तेव्हा सत्तेत भाग मागण्याची कल्पनाही त्याच्या वाचकांना नव्हती. आणि ज्या येशूच्या नावाने अधीनता शिकवायची, त्याला रोमन सुभेदार पिलाताच्या न्यायासनापुढे उभे राहून मृत्युदंड झाला, तो कायदेशीर कार्यवाहीनेच.

वेस्टकॉट यांच्या बाजूने सांगण्यासारखे नाही असे नव्हे. चर्चने राष्ट्राच्या लढ्यात उडी घेतली की चर्च राष्ट्राचे होऊन जाते, मग देवाच्या नावाने राष्ट्राला जाब विचारणारे कुणी उरत नाही, ही भीती खोटी नाही. जर्मनीत तीन वर्षांनी नेमके तेच घडले. पण ही सावधगिरी साम्राज्याच्या बाबतीत का आठवली नाही, याला त्यांच्यापाशी उत्तर नव्हते. सम्राटासाठी रोजच्या उपासनेत प्रार्थना करणारे चर्च राजकारणापासून अलिप्त कसे?

या अलिप्ततेचा कागदी पुरावाही होता. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकन आणि इतर बिगर-ब्रिटिश मिशनऱ्यांना हिंदुस्थानात येण्यासाठी सरकारला हमी द्यावी लागे. कायदेशीर सरकारचा योग्य तो मान राखू, राजकारणापासून दूर राहू आणि आपले वजन सरकारच्या बाजूने वापरू, असा तिचा आशय. म्हणजे दूर राहायचे, पण बाजूला उभे राहून दूर राहायचे. १९४० च्या आरंभी लखनौच्या लालबाग आश्रमातील जे होम्स स्मिथ आणि त्यांच्या काही मेथॉडिस्ट सोबत्यांनी ही हमी मोडली, हिंदुस्थानला न विचारता त्याला युद्धात ओढल्याचा निषेध केला, आणि त्यांना देश सोडावा लागला. पुढे याच मंडळींनी न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत आश्रम काढला. अमेरिकेतील काळ्या लोकांच्या नागरी हक्कांच्या चळवळीतील काही तरुण त्या आश्रमात घडले. ही कथा स्वतंत्र लेखाची आहे.

आपल्याला अधिक जवळची गोष्ट व्हेरिअर एल्विन यांची. ऑक्सफर्डचा हा तरुण पाद्री १९२७ मध्ये जॅक विन्स्लो यांच्या ख्रिस्त सेवा संघात आला, पुण्याला राहिला, गांधींच्या प्रभावाखाली आला आणि १९३० मध्ये त्याने ख्रिस्त आणि सत्याग्रह यांच्या नात्यावर एक पुस्तिका लिहिली. सविनय कायदेभंग ख्रिस्ताच्या मार्गाशी सुसंगत आहे, असा तिचा निष्कर्ष होता. ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे मुंबईच्या मणिभवनाच्या गच्चीवरून गांधींना अटक झाली तेव्हा एल्विन आणि त्याचा मराठी ख्रिस्ती मित्र शामराव हिवाळे तेथेच होते. त्यानंतर जमनालाल बजाजांच्या सल्ल्याने दोघे मध्य प्रांतात मंडल्याच्या गोंडांत राहायला गेले. आता ते नागपूरच्या बिशपांच्या अधिकारक्षेत्रात आले होते, आणि बिशप अलेक्स वुड यांनी धर्मसेवेच्या परवान्यासाठी सम्राटाशी निष्ठेची शपथ मागितली. एल्विनने ती घेतली नाही. देवाची चाकरी करायला कैसराचा दाखला कशासाठी, हा प्रश्न इतक्या नागड्या रूपात क्वचितच पुढे येतो. पण त्याच वर्षी इंग्लंडला गेला असता परतीची परवानगी अडवली गेली, तेव्हा राजकारणात भाग घेणार नाही, गोंडांच्या कामापुरते राहीन, असे लेखी आश्वासन त्याने सरकारला दिले. बिशपाला नाकारलेले त्याने अंशतः गृहखात्याला दिले. मी त्याला दोष देत नाही. शामराव करंजियाच्या झोपडीत वाट पाहत होते. १९३५ मध्ये एल्विनने चर्च सोडले. शामरावांविषयी मराठीत आपण इतके कमी का लिहिले, हा मात्र मला सतावणारा प्रश्न आहे.

आणखी एक जण एस. के. जॉर्ज. केरळचे सीरियन ख्रिस्ती, कलकत्त्याच्या बिशप्स कॉलेजात अध्यापक. म्हणजे वेस्टकॉट यांच्याच छत्राखाली. १९३२ मध्ये त्यांनी हिंदी ख्रिस्ती बांधवांनी सत्याग्रहाला साथ द्यावी असे जाहीरपणे म्हटले आणि नोकरी सोडली. घरसंसार असलेल्या अध्यापकाने नोकरी सोडणे म्हणजे काय, हे आपल्या पेशातील वाचकांना सांगायला नको. १९३९ मध्ये गांधींनी ख्रिस्ती धर्मापुढे उभे केलेल्या आव्हानावरचे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. पुढे हेच जॉर्ज वर्ध्याच्या वाणिज्य महाविद्यालयात प्राध्यापक म्हणून आढळतात. त्यांच्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

१७ ऑक्टोबर १९४० रोजी वर्ध्यापासून काही मैलांवर पवनारला विनोबांनी युद्धविरोधी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रहाला आरंभ केला. या सत्याग्रहाचे वेगळेपण असे की त्यात स्वराज्याची मागणी थेट नव्हती. युद्धात माणूस वा पैसा देणे पाप आहे असे ज्याला वाटते त्याला ते बोलण्याची मोकळीक हवी, एवढेच म्हणणे होते. म्हणजे हा शुद्ध विवेकाचा सत्याग्रह होता, आणि म्हणूनच तो क्वेकर किंवा टॉल्स्टॉय यांच्या परंपरेला अधिक जवळचा होता. गांधींनी दक्षिण आफ्रिकेत १८९४ च्या सुमारास टॉल्स्टॉयचे देवाच्या राज्याविषयीचे पुस्तक वाचले होते, त्याचा हा पवनारपर्यंत पोचलेला धागा. पुढे विनोबांनी ‘ख्रिस्त धर्म सार’ संकलित केले हेही येथे नोंदवायला हवे.

सेवाग्रामचा तो परिसर तेव्हा ख्रिस्ती माणसांनी चांगलाच गजबजलेला होता. गांधींच्या चिटणीस राजकुमारी अमृत कौर ख्रिस्ती, नई तालीमचे आर्यनायकम् सिलोनचे ख्रिस्ती, कुमारप्पा आणि त्यांचे बंधू भारतन् ख्रिस्ती. आश्रमाच्या सायंप्रार्थनेत ख्रिस्ती भजनही होई. पण वर्ध्याच्या चर्चमध्ये ही मंडळी कितपत रुळली असती, याबद्दल मला शंका आहे.

युद्धकाळात कुमारप्पांनी ‘ग्रामउद्योग पत्रिके’त सरकारच्या चलननीतीवर लेख लिहिला. भाकरी मागणाऱ्या मुलाला बाप दगड देईल काय, या शुभवर्तमानातील प्रश्नावरून त्याचे नाव घेतलेले होते. सरकार हिंदी शेतकऱ्याकडून धान्य, कापड, लाकूड युद्धासाठी उचलते. बदल्यात ब्रिटन लंडनच्या खात्यावर पौंडांची नोंद करते, आणि त्या नोंदीच्या तारणावर येथे नोटा छापल्या जातात. माल जातो, कागद उरतो, कागद वाढला की भाव चढतात, आणि ज्याच्याकडे विकायला काही नाही तो उपाशी मरतो. १९३९ ते १९४५ या काळात चलनातील नोटा सहापटीच्या वर गेल्या आणि लंडनमधील येणे शंभर कोटी पौंडांच्या पलीकडे पोचले. बंगालमध्ये १९४३ साली काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. या लेखावरून कुमारप्पांवर खटला झाला आणि ते जबलपूरच्या तुरुंगात गेले.

नाण्याचा प्रसंग येथे पूर्ण वर्तुळ फिरून येतो. आता मुद्रा असलेले नाणेही उरले नव्हते. होता तो मुद्रा छापलेला कागद. कैसराचे कैसराला द्या म्हणणाऱ्याला विचारावेसे वाटते, की कैसराने घेतलेले धान्य कुणाचे होते? शेतातले पीक देवाचे आणि राबणाऱ्याचे, असे उत्तर कोणताही वऱ्हाडी कुणबी धर्मग्रंथ न उघडता देईल.

जबलपूरला कुमारप्पांनी दोन महत्त्वाची हस्तलिखिते सिद्ध केली. एक शाश्वततेच्या अर्थशास्त्रावरचे, जे आज पर्यावरणवाद्यांच्या हाती असते. दुसरे येशूच्या आचरणावर आणि उपदेशावर. दोहोंना गांधींनी प्रस्तावना लिहिल्या आणि १९४५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. दुसऱ्या पुस्तकाच्या नावातील क्रमाकडे लक्ष द्यावे: आचरण आधी, उपदेश नंतर. वेस्टकॉट यांच्याशी पंधरा वर्षांपूर्वी झालेल्या वादाचे उत्तर त्या क्रमातच आहे, असे मला वाटते. येशू काय म्हणाला यावर भांडण्यापेक्षा तो कसा वागला ते पाहा, मग त्याचे म्हणणे कळेल.

सत्ता परकी असताना हे सारे तसे सुटसुटीत होते. खरी कसोटी पुढेच होती. आपले सरकार आल्यावर देवाची आज्ञा आणि सरकारची आज्ञा यांच्यात भेद उरतो काय? २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी निक्षून सांगितले की सनदशीर मार्ग खुले झाल्यावर सत्याग्रह आणि कायदेभंग हे अराजकाचे मार्ग ठरतात. अहमदनगरच्या महारवाड्याविषयी वर जे म्हटले त्याच्याशी हे विधान ताडून पाहावे. कायद्याचे राज्य ज्याला नव्याने मिळाले त्याला ते मोडण्याची चैन परवडत नाही. कुमारप्पांची वाट निराळी. १९३८-३९ मध्ये मध्य प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ असताना त्यांनी त्या सरकारसाठी उद्योगांची पाहणी केली होती, स्वातंत्र्यानंतर काँग्रेसच्या शेतीसुधारणा समितीचे अध्यक्षपदही घेतले. म्हणजे सरकार या वस्तूशी त्यांचे वैर नव्हते. पण दिल्लीची आर्थिक वाट त्यांना पटेना, आणि ते दूर होत गेले.

जॉर्ज यांच्या वाट्याला अधिक कठीण प्रसंग आला. १९५४ च्या एप्रिलमध्ये मध्य प्रदेश सरकारने ख्रिस्ती मिशनरी कार्याची चौकशी करण्यासाठी निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. वर्धा तेव्हा मध्य प्रदेशात होते. समितीतील एकमेव ख्रिस्ती सदस्य म्हणजे वर्ध्याच्या वाणिज्य महाविद्यालयाचे प्रा. एस. के. जॉर्ज. समितीची प्रश्नावलीच ९९ प्रश्नांची होती, आणि बऱ्याच ख्रिस्ती मंडळींना ती आरोपपत्रासारखी वाटली. कॅथलिकांनी सहकार्य काढून घेतले, प्रकरण नागपूर उच्च न्यायालयात गेले. १९५६ मध्ये अहवाल आला. धर्मांतर हाच ज्यांचा मुख्य हेतू त्या परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवावे, वैद्यकीय वा इतर सेवेचा धर्मांतरासाठी वापर कायद्याने बंद करावा, अशा त्याच्या शिफारशी. त्यावर जॉर्ज यांचीही सही आहे.

ही सही कशी वाचायची? ख्रिस्ती समाजाच्या मोठ्या भागाने ती फितुरी म्हणून वाचली. १९३२ मध्ये साम्राज्याला नकार देणारा मनुष्य १९५६ मध्ये सरकारच्या हातातले शस्त्र झाला, असा तो आरोप. दुसऱ्या बाजूने पाहिले तर जॉर्ज बदललेच नव्हते. परदेशी पैशावर आणि सत्तेच्या सावलीत वाढलेले चर्च हे ख्रिस्ताचे चर्च नव्हे, हे त्यांचे १९३२ पासूनचे मत. बदलले होते ते आजूबाजूचे. जे मत साम्राज्याविरुद्ध उच्चारले तेव्हा विवेकाचा आवाज होते, तेच मत बहुसंख्याकांच्या सरकारने नेमलेल्या समितीत अल्पसंख्याकाविरुद्धचा पुरावा झाले. मला जॉर्ज यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका नाही. पण कैसर कोण हे ओळखण्यात ते दुसऱ्या खेपेला चुकले असे मला वाटते. समिती ज्या आदिवासी ख्रिस्ती माणसाच्या गावी जाऊन प्रश्न विचारीत होती, त्या माणसाच्या दृष्टीने सरकारी मोटारीतून उतरलेले सारेच सरकार होते, जॉर्जही.

अहवालाच्या धर्तीचा कायदा मध्य प्रदेशात १९६८ मध्ये झाला आणि १९७७ मध्ये स्टॅनिस्लाउस या धर्मगुरूच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो ग्राह्य धरला. वर्ध्याला तो लागू झाला नाही, कारण १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात आला होता. १९८६ मध्ये मात्र त्याच न्यायालयाने केरळातील तीन शाळकरी मुलांच्या बाजूने निकाल दिला. यहोवाचे साक्षीदार या पंथाची ही मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण गात नसत. त्यांना शाळेतून काढून टाकले होते. मगनवाडीला प्रश्न विचारणाऱ्या त्या विद्यार्थिनीला मी हा निकाल वाचायला दिला तेव्हा तिने विचारले, की मुले उभी तर राहत होती ना, मग अडचण कुणाची होती?

कुमारप्पा तोवर मगनवाडीतून बाहेर पडले होते. वर्धा जिल्ह्यातच सेलडोहला त्यांनी शेतीचे प्रयोग करण्यासाठी आश्रम काढला आणि त्याला ‘पण्णै’ असे तमिळ नाव दिले. पण्णै म्हणजे शेतवाडी. तेथून १९५३ मध्ये ते तामिळनाडूत कल्लुपट्टीला गेले आणि ३० जानेवारी १९६० रोजी त्यांचे निधन झाले.